खालची कड

“पाय थांबवू नका काका, अजून घाम हवाय!” टेक्निशियन ओरडली.

“अगं बाई, अस्वलाला सर्कशीत आणलंस की काय?” तो धापा टाकत म्हणाला आणि प्रयोगशाळेत हशा पिकला.

उघड्या अंगाने जागच्या जागी सायकल मारणारा हा माणूस चिकट जेल कालवण्याच्या विभागातला जुना कामगार. हृदय बंद पडलेल्या माणसाला झटका देणारी यंत्रं या कारखान्यात बनत; भिंतीवर टांगायची आणि वेळ आली की कुणीही उघडून वापरायची. झटका छातीत शिरतो तो दोन चिकट पट्ट्यांमधून, इलेक्ट्रोडमधून. घाम आणि केस हे त्या पट्ट्यांचे दोन वैरी, आणि अख्ख्या कारखान्यात त्याच्याइतकी केसाळ छाती दुसरी नव्हती. नवी पट्टी तयार झाली की अस्वलकाकाला बोलावणं जायचं आणि संध्याकाळी तो छातीवर चौकोनी टकलं मिरवत घरी जायचा.

या वेळची पट्टी टेक्निशियनशेजारी उभ्या इंजिनिअर बाईने आखलेली होती. दोन इलेक्ट्रोड, पण एकाच तुकड्यात जोडलेले. घाबरलेल्या माणसाला कुठली पट्टी कुठे, हा प्रश्नच पडू नये. पाकीट फाडायचं, चिकटवायचं, संपलं. दीड वर्ष ती या तुकड्यापायी झिजली होती.

तिने वरचा भाग त्याच्या उजव्या खांद्याखाली चिकटवला, खालचा डाव्या बगलेखाली बरगड्यांवर.

“मॅडम,” तो हळूच म्हणाला, “खालची कड सुटतेय.”

तिने बोटाने दाबली. बसली. बोट काढलं, तशी नखाएवढी पुन्हा वर आली.

“हलू नका काका, बसेल.”

“लोक छाती दाबणार म्हणजे हलणारच की, मॅडम. जोडलेला तुकडा आहे, वरचा खालच्याला ओढतो. मधली घडी जरा सैल ठेवली तर...”

दारात साहेब उभे होते. “वा! काका आता डिझाइनही शिकवणार? आणि मॅडम, तुम्ही तर अगदी कान देऊन ऐकताय. नात्यातले की काय?”

सगळे हसले. ती तेवढी कागदात डोकं घालून राहिली.

कारण तो तिचा बाप होता. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या टेबलावर तिने ऐकलं होतं, की अमक्याचा पोरगा बापाच्या वशिल्याने चिकटला. त्याच संध्याकाळी तिने बापाला बजावलं, तिथे सांगू नको. लग्नाने आडनाव बदललेलंच होतं. सात वर्षं ती त्याला काका म्हणत होती आणि तो तिला मॅडम.

“छे हो,” ती म्हणाली आणि चाचणीच्या कागदावर ‘खालची कड’ या शब्दांपुढे लिहिलं, ‘ठीक’. खाली सही केली.

संध्याकाळी वाट वाकडी करून ती त्याच्याकडे गेली. लाल झालेल्या चौकोनांवर मलम लावताना म्हणाली, “बाबा, तू सगळ्यांसमोर असं बोलत नको जाऊस ना.”

“बरं. नाही बोलत.” मग छातीवरच्या चौकोनाकडे बघत म्हणाला, “पण कड सुटते गं.”

“किती वेळा तेच!”

“उद्या लिहून टाक. मग नाही सांगत.”

“उद्या बघू,” ती म्हणाली आणि हात धुवायला उठली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला खालून आरडाओरडा ऐकू आला. उपाहारगृहाच्या जिन्यापाशी कुणीतरी कोसळलं होतं. कोण, ते कळायच्या आधीच ती धावत सुटली. गर्दीत शिरली तेव्हा सुपरवायझरने बापाचा सदरा फाडला होता आणि भिंतीवरचं यंत्र काढलं होतं. त्या यंत्रात नवी पट्टी, तिचीच. चाचणीच्या कागदावर सही झाली तशी, आजमावून बघायला म्हणून आदल्या संध्याकाळीच बसवलेली.

“पट्ट्या नीट चिकटवा,” यंत्र शांतपणे म्हणालं.

ती गुडघ्यांवर बसली. तळव्याने खालची कड दाबली, हात काढला.

“पट्ट्या नीट चिकटवा.”

“पुसा, घाम पुसा आधी!” टेक्निशियन किंचाळली. कुणीतरी फडकं फेकलं. तिने पुसलं, दाबलं, पुन्हा दाबलं. अखेर कड बसली. यंत्राने सगळ्यांना हात काढायला सांगितलं आणि हृदयाची लय तपासली.

“शॉकची गरज नाही. छाती दाबणं सुरू ठेवा.”

“ऐकलंत?” मागून एक हमाल आनंदाने ओरडला. “गरज नाही म्हणतंय! वाचले काका!”

टेक्निशियनने तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. झटक्याने सावरावं असं त्या हृदयात काही उरलेलंच नव्हतं, हे दोघींना ठाऊक होतं. सुपरवायझर छाती दाबत राहिला.

इस्पितळात अर्ज भरताना खिडकीतल्या बाईने विचारलं, “नातं?” तिने ‘मुलगी’ लिहिलं. शेजारी उभ्या साहेबांनी ते वाचलं.

तो गेल्यानंतरचे पंधरा दिवस सगळे तिच्याशी जपून बोलत होते. तिला मात्र त्या एका कागदाने झोप लागू दिली नाही. सोळाव्या दिवशी यंत्रातली नोंद पडद्यावर लावायची होती. “तुम्ही नाही आलात तरी चालेल,” साहेब म्हणाले. ती गेली.

पडद्यावर पट्टी लावल्याची वेळ, आणि लगेच चार सेकंदांची वेडीवाकडी, थरथरती रेघ. त्याचं हृदय. झटका देण्याजोगं. मग कड सुटली तशी रेघ तुटली. बावन्न सेकंद काहीच नाही. नंतर पुन्हा रेघ आली ती सपाट. रेघ थरथरत होती तेव्हाच झटका बसला असता तर तो वाचला असता का, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं.

साहेबांनी हळू आवाजात समारोप केला. “घाम जास्त, केस जास्त. लाखात एखादाच माणूस असा निघतो. चाचणीचा कागद स्वच्छ आहे. सोमवारी पहिला माल जाऊ दे. शाळा आहेत, स्टेशनं आहेत, लोक वाट बघताहेत.”

खुर्च्या सरकू लागल्या. बोललं की नोकरी जाईल, पट्टी जाईल. त्याहून मोठी भीती ही, की बोललं म्हणजे ते खरं झालं.

ती उभी राहिली.

“मॅडम, बसा तुम्ही,” टेक्निशियन म्हणाली.

“नाही. माल पाठवू नका. त्या कागदावर ‘ठीक’ मी लिहिलंय, आणि ते खोटं आहे. कड आदल्या दिवशीही सुटली होती. त्यांनी दाखवली मला. घडी सैल ठेवा म्हणाले. संध्याकाळी घरी पुन्हा म्हणाले. मी ऐकलं नाही.” तिने श्वास घेतला. “ऐकलं असतं तर तुम्हाला कळलं असतं, की ते माझे बाबा आहेत. त्याची लाज वाटली मला.”