मिठाच्या पाण्याची सक्ती

सोमवारी दुपारी, पाळी बदलण्याच्या जरा आधी, हॉटेलांचे कपडे धुऊन देणाऱ्या एका मोठ्या लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावरील कचेरीत सव्वीस वर्षांच्या एका कामगार मुलीची चौकशी सुरू झाली. आरोप असा, की तिने काळ्या नॅपकिनांचा एक अख्खा गठ्ठा जाणूनबुजून नासवला. चौकशीला व्यवस्थापक होते, कंपनीचे डॉक्टर होते, आणि इस्त्रीच्या दालनाची मुकादम होती, जिला तिच्याहून वयाने मोठी माणसेही मावशीच म्हणत.

डाग खरे होते. जाणूनबुजून हा शब्द खोटा होता. ते डाग कसे पडले हे सांगायचे तर आधी ग्लासाविषयी सांगितले पाहिजे.

खालच्या दालनात वाफेवर तापलेले मोठे रोलर चालत. त्यांच्यासमोर उभे राहणाऱ्याच्या अंगातून घामाच्या धारा लागत. काही वर्षांपूर्वी तिथे एक बाई चक्कर येऊन पडली, आणि कामगारांनी पंखे मागितले. पंख्यांऐवजी त्यांना नियम मिळाला. भोंगा झाला की रोलरवरच्या प्रत्येकाने मीठ घातलेल्या पाण्याचा ग्लास मावशींच्या देखत रिकामा करायचा. जे एकाला तारते ते दुसऱ्याला मारू शकते, हे समजायला फार मोठी विद्वत्ता लागत नाही. पण नियम करणाऱ्यांनी तेवढीही खर्च केली नव्हती.

या मुलीचा रक्तदाब वाढलेला आहे, हे घराजवळच्या दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजून ठरले होते. गोळी सुरू झाली, मीठ तोडायला सांगितले गेले. घरी आईने पहिली गोष्ट काय केली, तर खिडकी लावून घेतली. "हळू बोल. शेजारी ऐकतील." जणू मुलीने कुठे डल्ला मारला होता. थोरला भाऊ म्हणाला, "आजोबांचं बीपी घेतलंस, आता त्यांची काठीपण घेऊन टाक. त्यांना मी दुसरी आणतो." ती हसली, कारण भावाच्या थट्टेत निदान खोटी काळजी नव्हती. घरातल्या ताटातले मीठ तिने तोडले. कामावरचे तोडणे तिच्या हातात नव्हते.

ती बोलली का नाही, असे विचारणारे पुष्कळ भेटतील. त्यांनी आधी दम्याच्या त्या मुलीची हकीकत ऐकावी. तिने आपला आजार मोकळेपणाने सांगितला. तिला "तुझ्याच भल्यासाठी" मळक्या चादरी वेगळ्या करायला बसवले, आणि पुढे त्याच भल्यासाठी घरी पाठवले. रोलरवरची जागा गेली की लॉन्ड्रीतून जायला वेळ लागत नसे.

म्हणून ती ग्लास ओठाला लावी, आणि मावशींची पाठ फिरली की पायाशी ठेवलेल्या डब्यात ओती. त्या डब्यातले पाणी फार सुकलेल्या कपड्यांवर शिंपडायचे असे. चादरी पांढऱ्या, मीठही पांढरे. कुणाच्या ध्यानात येणार? तिच्याही आले नाही. शनिवारी तिच्या रोलरवर काळे नॅपकिन आले. वाळल्यावर त्यांच्यावर पांढरे ओघळ उमटले, आणि हॉटेलने गठ्ठा परत पाठवला.

"कुणी सांगितलं होतं तुला हे करायला?" व्यवस्थापकांनी विचारले.

"कुणी नाही, साहेब. मला मीठ चालत नाही. बीपी आहे."

"तुला? अजून लग्न व्हायचंय तुझं."

"ते लग्नासाठी थांबत नाही, साहेब. दवाखान्याची चिठ्ठी आहे घरी."

"चिठ्ठ्या काय, हव्या तशा मिळतात. डॉक्टर, मोजा हिचं."

डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, काट्याकडे पाहिले. "एकशे चौसष्ट, एकशे दोन. जास्त आहे," ते म्हणाले. "पण ती चिडली आहे. रागानं चढतं."

या युक्तिवादाची करामत पाहा. माणसावर आळ घ्यायचा, त्याला संताप आणायचा, आणि मग त्याच संतापाच्या आधारे सिद्ध करायचे की त्याला आजार नाही.

"आणि कमी निघालं असतं तर?" मुलीने विचारले. "तर मी खोटारडी. मग मोजलंत कशाला, डॉक्टर?"

मावशी पुढे सरकल्या. "रागानं चढतं म्हणता? मग माझं बघा. सकाळपासून हिच्या नावानं खडे फोडतेय मी. या इमारतीत माझ्याइतकं तापलेलं दुसरं काय आहे?"

"रोलर," मुलगी म्हणाली.

"तू गप्प बस. तुला नंतर बघते." आणि त्यांनी दंड पुढे केला.

एकशे अठरा, शहात्तर. डॉक्टरांनी पुन्हा मोजले. तेच.

"आता?" मावशी म्हणाल्या.

डॉक्टरांनी मुलीला खुर्चीला टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसायला सांगितले आणि बाकीच्यांना बोलायची मनाई केली. व्यवस्थापकांनाही गप्प बसावे लागले. बऱ्याच वेळाने दुसऱ्या दंडाला पट्टा बांधला. काटा फारसा खाली आला नव्हता.

"मग हिला रोलरवरून काढावं लागेल," व्यवस्थापक म्हणाले. "तिच्याच भल्यासाठी."

"साहेब, गोळी घेऊन मी तिथे उभी आहेच. तुमचं पाणी पिऊन नाही राहता येणार. काढायचाच तर ग्लास काढा."

"आणि नॅपकिन?"

"मीठच ते, धुतलं की जातं," मावशी म्हणाल्या. "सकाळी दोन धुऊन पाहिलेत मी. उरलेले हीच धुईल, आणि मी डोक्यावर उभी राहीन."

व्यवस्थापकांनी डॉक्टरांकडे पाहिले. ग्लासाच्या नियमावर सही डॉक्टरांचीच होती, आणि ती करताना त्यांनी खालच्या दालनातल्या एकाही दंडाला पट्टा बांधला नव्हता. त्यांनी यंत्राची नळी सावकाश गुंडाळली.

"आजार खरा आहे," ते म्हणाले. "मीठ बंद, गोळी सुरू, आणि काम आहे तेच."