बंदराच्या भिंतीतला गूळ

बादशहा गवंड्यानं चाळीस वर्षं सिमेंटची पोती फोडली आणि चाळीस वर्षं सिमेंटला शिव्या घातल्या. आता खोटं कशाला बोला, गावातले निम्मे स्लॅब त्यानंच टाकलेले. पण कुणाच्या घराला भेग गेली की हा मिशीत हसत तिथं हजर. "चुन्यात बांधलं असतं तर..." एवढंच म्हणायचा आणि पुढचं वाक्य घरमालकाला छळायला सोडून द्यायचा.

त्याच्या आज्ज्याची चुन्याची घाणी होती. दगडी चाक, त्याला बैल, खाली गोल चर आणि चरात चुना. पोरवयात बादशहानं ती हाकली होती. पुढं सिमेंट आलं, घाणी मोडली, चाक परसात आडवं झालं आणि त्याची बायको सुगराबी त्यावर कपडे आपटायला लागली. तेवढा एक धंदा त्या चाकाला उरला होता.

अशात एक दिवस संयोगिता नावाची पोरगी त्याचं घर शोधत आली. मूळची साताऱ्याची, जुन्या इमारती दुरुस्त करणारी आर्किटेक्ट. कुंभार्ली घाट उतरून खाली आडबंदर नावाचं जुनं बंदर आहे, तिथलं काम तिच्याकडं होतं. कधीकाळी गलबतांतून जगभरची माणसं उतरली आणि तिथलीच झाली, असं ते गाव. एकाच गल्लीत मशीद, लक्ष्मीनारायणाचं देऊळ, चर्च आणि शनवार तेल्यांचं, म्हणजे यहुद्यांचं, प्रार्थनाघर. मध्यंतरी कुण्या शहाण्यानं सगळ्यांना सिमेंट फासलं. खारी हवा आत कोंडली आणि चारी भिंतींचे पोपडे निघायला लागले. तेवढ्या बाबतीत सगळ्या धर्मांचं सारखंच झालं.

"तिथली म्हातारी माणसं सांगतात," संयोगिता म्हणाली, "की चारी ठिकाणी चुना एकाच हातचा. कऱ्हाडाकडनं गवंडी यायचे, बैलांवर गूळ लादून. त्यातला थोडा गूळ चुन्यात जायचा. काका, ते तुमचेच ना?"

"आमचा आज्जा," बादशहा म्हणाला.

ठरलं ते असं. संयोगिता कोकणातला जांभा दगड टेम्पोनं पाठवणार. बादशहानं त्याची माणसाएवढी भिंत रचून तिला चुन्याचा गिलावा करायचा. गिलावा झाला की एकवीस दिवसांनी ती बघायला येणार. भिंत पसंत पडली तर बादशहा वर्षभर बंदरात, आणि हाताखाली तिथलीच दहा माणसं शिकायला. नाही पडली तर बंदराची दुरुस्ती कमिटी पिशवीतला तयार चुना मागवून मोकळी होणार.

बादशहा त्या दिवशी जेवताना दोनदा ताटावरनं उठला. त्याचा मुलगा अजमल पुण्यात एसी बसवायचा. चुन्याचं नाव काढलं की तो प्रेमानं हसायचा आणि विषय बदलायचा. हे काम हुकलं तर हातातलं सगळं आपल्यासंगं कबरीत जाणार, हे बादशहाला कळत होतं. त्याला त्याची भीती वाटत होती.

बातमी शेजारच्या जोतिबा शेवाळ्याला कळली आणि त्याला दोन पाय कमी पडायला लागले. जोतिबाचं गुऱ्हाळ. त्याच्या गुळाला जिल्ह्याच्या प्रदर्शनात पहिला नंबर मिळालेला, त्याचं सर्टिफिकेट गुऱ्हाळात काहिलीच्या समोरच टांगलेलं. गूळ असा पिवळाधमक, की सोनाराच्या दुकानात ठेवला तर गिऱ्हाइकानं भाव विचारावा.

"माझ्याबी आज्ज्याचाच गूळ त्या बैलांवर असनार रं," जोतिबा म्हणाला. "चुना तुझा आन गूळ माझा. दुसऱ्याचा घेशील तर तुझं तोंड बगनार न्हाई गड्या."

बादशहानं परसातलं चाक उभं करून घाणी पुन्हा मांडली होती, तिच्यासाठी जोतिबानं गुळाबरोबर आपला बैलही आणला. बैल शर्यतीतला, आता निवृत्त, पण हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. जू मानेवर पडलं की तो सुटायचा. पहिल्या दिवशी चुना चरात कमी आणि जोतिबाच्या अंगावर जास्त. पण माणूस रोज पहाटेपासून बैलाच्या पुढं उभा राहून त्याची समजूत काढायचा. स्वतःच्या घरचं लग्न असतं तरी एवढा राबला नसता.

चुन्यात गुळाचं पाणी पडताना सुगराबी दारातनं म्हणाली, "आवं, त्यापरीस चहातला आपला काळा गूळ घ्या की."

"चहा न्हाई करत, चुना करतोय," बादशहा खेकसला.

सुगराबी आत वळली. ती गप्प बसली म्हणजे ऐकलं असं नसतं, हे इतक्या वर्षांनीही बादशहाला उमगलेलं नव्हतं.

गिलावा वरनं खाली करत आणला. खालचा गुडघाभर पट्टा उरला आणि गूळ संपला. जोतिबा कऱ्हाडला गेलेला. चुना तर मळून तयार. तेव्हा सुगराबीनं मुकाट्यानं स्वयंपाकघरातला काळा गूळ पाण्यात कालवून दिला आणि बादशहानं मुकाट्यानं वापरला. भिंत झाली. हात फिरवला तर अंड्याच्या कवचासारखी लागत होती. दोघं मित्र रोज सकाळ-संध्याकाळ भिंतीसमोर खुर्च्या टाकून बसायला लागले. तिच्यात बघण्यासारखं रोज काय नवीन होतं, ते त्यांनाच ठाऊक.

अठराव्या दिवशी खरंच नवीन दिसलं. भिंतीवर पांढरी भुकटी फुटली होती. बोट लावलं की हाताला येत होती. लोणा. जुन्या ओलसर भिंतीला खार फुटतो, तोच. समुद्र घाटाखाली कुठल्या कुठं, आणि कऱ्हाड तालुक्यात बादशहाच्या परसातल्या कोऱ्या भिंतीला मीठ आलं होतं.

बादशहा भिंतीवर हात फिरवत राहिला. वाळू चुकली का, पाणी चुकलं का, की आपलाच हात म्हातारा झाला? सुगराबी आली, वाकली, भिंत बघितली आणि म्हणाली, "खालच्या पट्ट्याला न्हाई आला."

खरंच. खालचा गुडघाभर पट्टा कोरडा, घट्ट, स्वच्छ होता.

"तुमच्या दोस्ताचा गूळ पिवळा हुतो कशानं? पावडरीनं. त्या हायड्रोसनं," सुगराबी म्हणाली. "त्यो चहात टाकला की चहा फाटतो. पंधरा वर्सं मी त्यो चहात घालत न्हाई. त्याच पावडरीचा खार भिंतीला फुटलाय."

"मग आपला काळा गूळ येतो कुठनं?"

"अंबूभाबी देते."

अंबूबाई म्हणजे जोतिबाची बायको. घरच्या खाण्यापुरती एक ढेप ती मागच्या चुलीवर वेगळी रांधायची. त्यात पावडर नाही, मळी काढायला जुन्या पद्धतीनं नुसता भेंडीचा रस. पहिल्या नंबरच्या गुऱ्हाळवाल्याच्या घरात पहिल्या नंबरचा गूळ कुणी खातच नव्हतं. आणि जोतिबा दोन्ही घरचा चहा पिऊन पंधरा वर्षं म्हणत होता, बघा, माझ्या गुळाची चव.

"आता सांगा त्येस्नी," सुगराबी म्हणाली.

बादशहा सांगायला निघाला. गुऱ्हाळात पोचला तर जोतिबा चार माणसांना गोळा करून सांगत होता की आपला गूळ पुन्हा बंदरात चाललाय, आज्ज्यानंतर आता आपणच. बादशहाला बघून त्यानं त्याला मिठीच मारली. बादशहानं उसाचा रस पिला, बैलाची चौकशी केली, सर्टिफिकेट पुन्हा एकदा वाचलं आणि घरी आला.

"सांगितलं?"

"बैल बरा हाय म्हनं."

सुगराबीनं कपाळावर हात मारला.

एकविसाव्या दिवशी संयोगिता आली. जोतिबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आधीच हजर. गेले चार दिवस त्याचं गुऱ्हाळ जोरात होतं, त्यामुळं भिंत त्यानं पाहिली नव्हती. आता पाहिली आणि तो पुढं जाऊन भुकटीला बोट लावून बघायला लागला.

संयोगितानं भिंतीवर हात फिरवला, बोटं बघितली. चेहरा पडला तिचा. "काका, हे काय झालं?"

बादशहानं जोतिबाकडं बघितलंच नाही. "हात चुकला माझा," तो म्हणाला.

"खाली तर सुंदर झालंय. मग वर कसा चुकला?"

"म्हातारपन."

तिनं वही उघडली, पेन काढलं आणि तसंच परत ठेवलं. "काका, कारण कळलं असतं तर काढता आलं असतं. पण हाताचाच भरवसा नसेल तर तिथल्या चार भिंती मी तुमच्यावर कशा सोडू? खाऱ्या हवेत हे वर्षभरसुद्धा टिकायचं नाही. मला खरंच वाईट वाटतंय." ती वही बंद करायला लागली. बादशहानं मान खाली घातली. आज्ज्याची घाणी, बंदर, शिकायला येणारी दहा माणसं, सगळं त्या वहीत मिटत चाललेलं त्याला दिसत होतं. पण ज्या माणसानं घाणीवर दिवसचे दिवस बैलाच्या धडका खाल्ल्या, त्याला ह्या पोरीसमोर उघडं पाडायला त्याची जीभ उचलेना.

तेवढ्यात सुगराबी चहा घेऊन आली. ट्रेमध्ये चार कप. एक तिनं उचलून मुद्दाम जोतिबाच्या हातात दिला.

जोतिबानं कपात बघितलं. चहा फाटलेला. वर पाणी, खाली चोथा. "भाबी, दूध नासलं जनू."

"दूध समद्यास्नी येकच हाय, भाऊ. तुमच्या कपात तुमचा गूळ हाय."

"आन ह्यांच्या?"

"रोजचाच. अंबूभाबीचा काळा. खालच्या पट्ट्यातबी त्योच हाय."

बादशहाला वाटलं, भिंत अंगावर पडली असती तर बरं झालं असतं. जोतिबानं कपाकडं बघितलं, मग भिंतीच्या वरच्या भागाकडं, मग गुडघाभर पट्ट्याकडं. गूळ कळणारा माणूस होता तो, त्याला आणखी काही सांगायची गरज नव्हती. त्यानं तो फाटलेला चहा तोंड वाकडं न करता शेवटपर्यंत प्याला. कप ट्रेमध्ये ठेवला.

"म्याडम, ह्यो मानूस खोटं बोलतोय," तो म्हणाला. "हात न्हाई चुकला त्येचा. गूळ चुकलाय. गूळ माझा हाय. बाजाराला पिवळा लागतो म्हनून पावडर टाकतो मी." मग बादशहाकडं वळून तो हळूच म्हणाला, "म्हातारपन व्हय रं? माझ्यापायी बंदर सोडत हुतास?"

बादशहाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते पुसलंही नाही. "तूबी माझ्यापायी बैलाच्या लय धडका खाल्ल्यास," तो म्हणाला.

संयोगिता खाली बसली होती. खालच्या पट्ट्याला नख लावून बघत होती, कान जवळ नेऊन बोटानं ठोकत होती. उठली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता. "असा चुना मला चारी भिंतींना पाहिजे. आणि हाच गूळ. एवढा मिळेल?"

"काळ्या गुळाला बाजारात कुत्रं इचारत न्हाई," जोतिबा म्हणाला. "पायजे तेवढा मिळंल."

तिनं वही पुन्हा उघडली. गवंडी म्हणून बादशहाचं नाव लिहिलं. बादशहानं ते उलटं, तिच्या समोरनं, दोनदा वाचलं.

"आणि गूळ कुणाचा लिहू?" तिनं विचारलं.

जोतिबानं सवयीनं छाती पुढं काढली, तोंड उघडलं. मग सुगराबीकडं त्याचं लक्ष गेलं. ती ट्रे धरून तशीच उभी होती, कुठंही जायची घाई नसल्यासारखी.

"लिवा," जोतिबा म्हणाला. "अंबूबाई जोतिबा शेवाळे." जरा थांबून त्यानं बादशहाच्या हातातला चहाचा कप काढून घेतला आणि एक घोट घेतला. "चव मातुर मी पयल्यापासनं वळखत हुतो."