पायाला हलका ब्रेक

ती लाल गाडी नासिरच्या गॅरेजसमोर थांबली खरी, पण थांबता थांबता दोन हात पुढं गेली आणि उभ्या मोटारसायकलीला टेकता टेकता राहिली. नासिर स्टुलावरून उठला नाही. हल्ली उठायचं म्हटलं की आधी गुडघ्यांची समजूत काढावी लागे. लातुरात औसा रोडवर छत्तीस वर्षं त्यानं फक्त ब्रेकचं काम केलं होतं. येत्या मार्चात शटर कायमचं ओढायचं, असं त्यानं बायकोला, गौसियाला, सांगून टाकलं होतं.

गाडीतून साठी उलटलेल्या एक बाई उतरल्या. फिकी सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. दोन सीटची, जमिनीला चिकटून चालणारी ही जुनी स्पोर्ट्स गाडी आणि या बाई, यांचा मेळ त्याला लागेना.

"ब्रेक लागतो हो, पण माझा पाय पुरत नाही," बाई म्हणाल्या. "परवा औशाच्या अलीकडं म्हशी आडव्या आल्या. दोन्ही पायांनी दाबला तेव्हा कुठं थांबली."

शेजारच्या सीटवर त्यांचे यजमान बसले होते. केस नीट विंचरलेले, शर्टाचं गळ्याचं बटणही लावलेलं. नजर समोर.

"साहेबांना आत सावलीत बसवा ना," नासिर म्हणाला.

"उतरत नाहीत ते." बाईंनी पदरानं मान पुसली. "तुम्हाला सगळं सांगते, म्हणजे काम कळेल."

बाईंचं नाव तारामती, शाळेतून रिटायर झालेल्या. यजमान अमृतराव किल्लारीकडच्या एका साखर कारखान्यात इंजिनिअर होते. ही गाडी त्यांनी हौसेनं घेतली होती. पाच वर्षांपासून त्यांना विसर पडत चालला होता. आधी नावं गेली, मग माणसं, आता बाई कोण हेही रोज कळायचं नाही. दुपारचे तीन वाजले की त्यांची घालमेल सुरू व्हायची. शिफ्टला जायचंय म्हणून दाराला धडका मारायचे. या गाडीत बसवलं की शांत. औशापर्यंत जायचं आणि परत यायचं. दुसऱ्या गाडीत बसवून पाहिलं, तर चालत्या गाडीचं दार उघडलं.

"रोज जाता?"

"रोज. तीन वर्षं." एसटीची वेळ सांगावी तसं त्यांनी सांगितलं.

नासिर उठला. बॉनेट उघडून पाहिलं, चाकामागं बॅटरी मारली. पुढच्या डिस्क झिजून पापडासारख्या झालेल्या. ब्रेकला जोर देणारा बूस्टर या गाडीला मुळातच नव्हता, जो काय जोर तो पायाचा. आणि हिचे पार्ट मिळणं कधीच बंद झालेलं.

"दुसऱ्या गाडीचं सामान बसवावं लागंल. नांदेडला भंगारात बघतो. आठ दिवस ठेवा."

"चार दिवस," तारामती म्हणाल्या. "त्याच्यापुढं मला झेपणार नाही, नासिरभाई."

अमृतरावांना उतरवायला अर्धा तास लागला. उतरल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढला, पुढच्या चाकाची पाच पाकळ्यांची रिम हळूहळू पुसली आणि मग बाईंनी हात धरला तसे रिक्षात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी नासिर पहिल्या एसटीनं नांदेडला गेला. भंगारवाल्या शारिककडं एक मोठी गाडी मागून ठोकलेली पडली होती, पुढचा भाग शाबूत. डिस्क जाड, आतून हवा खेळणाऱ्या. कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून धरणारा पंजा, असा भरदार की हातात घेतल्यावर नासिरचं जुनं मन जागं झालं. मोजून पाहिलं, तर चाकाच्या चार नटांची जागा त्या लाल गाडीसारखीच.

"आता या वयात कोणासाठी एवढं करून राहिले, चाचा?" शारिकनं विचारलं.

"गाडी चांगली हाय रे," एवढंच तो म्हणाला. बूस्टरही घेतला. पोत्याचं ओझं घेऊन येताना खांदा इतका भरून आला, की घरी गौसियानं दिलेला चहाचा कप त्याला डाव्या हातानं धरावा लागला.

कॅलिपर काही सरळ बसेना. समोरच्या लेथवाल्या मलप्पाकडून दोन जाड पट्ट्या करून घेतल्या. मग नवीन अडचण आली. जुनी रिम कॅलिपरला घासू लागली. नखाएवढंच अंतर, पण चाक फिरेना. शारिकला फोन करून त्याच मोठ्या गाडीची चारी चाकं मागवली. चौथ्या दिवशी दुपारी काम संपलं. नासिरनं गाडी रिंग रोडला नेऊन ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबला. जागच्या जागी थांबली. कितीतरी वर्षांनी असं काम हातून झालं होतं.

तीनला रिक्षा आली. तारामतींचे डोळे खोल गेले होते, मनगटावर निळा डाग होता. अमृतराव गाडीशी आले, रुमाल काढला, खाली वाकले आणि तसेच थबकले.

"ही आपली गाडी नाही," ते म्हणाले.

"आपलीच आहे. चला, शिफ्टची वेळ झाली."

"नाही. कुणाची आहे ही? सोडा मला!"

त्यांनी हात हिसडला, तशा बाई शटरवर आपटल्या. मलप्पा धावत आला. दोघांनी मिळून साहेबांना कसंबसं बाकावर बसवलं. ते रडत होते. तारामती मात्र रडल्या नाहीत. तिथंच पायरीवर बसल्या.

"छान काम केलंत तुम्ही," त्या म्हणाल्या. "पण मी आता यांना घरी कशी नेऊ?"

नासिरनं त्या नव्या चाकांकडं पाहिलं. मग तो बाईंसमोर उकिडवा बसला. गुडघा कळवळला.

"चूक माझी हाय, बाई. तुम्ही पाय पुरत न्हाई म्हणलात. त्याला बूस्टर बास होता. एवढ्या मोठ्या डिस्कची गरज नव्हती. चाळीसनं जाणाऱ्या गाडीला ऐंशीचे ब्रेक बसवले मी. शेवटचं काम नामी व्हावं, ही हौस माझी."

"मग आता?"

"थांबा थोडं. जुनी चाकं माझ्याकडंच हायत."

त्यानं आपल्या हातानं बसवलेलं सगळं उतरवलं. जड कॅलिपर, जाड डिस्क, पट्ट्या कोपऱ्यात गेल्या. बूस्टर तसाच ठेवला. एका छोट्या गाडीच्या नव्या डिस्क कपाटात होत्या, जवळपास जुन्याच मापाच्या. मलप्पानं लेथवर त्यांची कड जराशी उतरवून दिली. जुने कॅलिपर धुऊन, नवे पॅड घालून परत चढवले. ब्रेकच्या नळीतली हवा काढायला कोणीतरी पायडल मारायला हवं होतं. तारामती आपण होऊन गाडीत बसल्या.

"मारा, मारा... धरा," चाकाशी बसून नासिर म्हणत होता. "सोडा. परत मारा."

शेवटी त्यानं इंजिन चालू करायला सांगितलं. "आता दाबा."

त्यांनी दाबलं आणि चमकून त्याच्याकडं पाहिलं. "अहो, हे तर... नुसतं टेकवलं की जातंय."

"हाव. तेवढंच पाहिजे होतं."

पाच पाकळ्यांची चाकं चढली तेव्हा साडेपाच वाजले होते. अमृतराव बाकावरून आपले आपण उठले. रुमालानं रिम पुसली, दार उघडलं आणि आपल्या जागेवर बसले. नासिरनं सुटकेचा श्वास टाकला आणि बाईंना सांगायला वळला. तारामती बाकावर जाऊन बसल्या होत्या. भिंतीला डोकं टेकलेलं, तोंड किंचित उघडं, हातातली पर्स घसरून मांडीवर आलेली. गाढ झोप लागली होती.

उठवावं म्हणून तो जवळ गेला आणि परत फिरला.

"चला," गाडीतून अमृतराव म्हणाले. "उशीर होतोय."

नासिरनं मलप्पाला खूण केली. "बाई उठल्या तर सांग, साहेबांना घेऊन मी गेलोय. औशाला जाऊन येतो."

तो गाडीत शिरला, पाय कसेबसे आत घेतले. अमृतरावांनी त्याच्याकडं पाहिलं.

"नवीन ड्रायव्हर का?"

"हाव साहेब."

"सावकाश घ्या. उसाच्या गाड्या असतात रस्त्यात."

रस्ता तसा मोकळाच होता. अमृतराव समोर बघत राहिले. एका वळणावर शेळ्या आल्या. नासिरनं पाय टेकवला, गाडी अलगद थांबली आणि शेळ्या गेल्या.

परत आले तेव्हा मलप्पा लेथ बंद करून दारातच उभा होता. बाई उठल्याच नव्हत्या.

मार्चात नासिरनं शटर ओढलं. पण मंगळवारी आणि शुक्रवारी तो दुपारी तारामतींच्या घरी जातो. त्या चावी हातात देतात, साहेबांच्या शर्टाचं वरचं बटण लावतात आणि गाडी गल्लीतून वळायच्या आत दार लावून घेऊन झोपतात.