आठशे मीटरवरची टाकी

चौकशीसाठी जबाब हवा आहे. साध्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात.

"मी विमानतळावर हवामान निरीक्षक आहे. सकाळी सात दहाला गच्चीवर गेलो. दाट धुकं. दृश्यता मोजायला आमच्याकडे यंत्र नाही, ठरलेल्या खुणा आहेत. चारशे मीटरवर गोदामाचं छप्पर, आठशेवर जुनी पाण्याची टाकी. दिसेल ती शेवटची खूण सांगायची. मला"

नको. पुन्हा.

"सात दहाला मी आठशे मीटर कळवले."

हे खरं आहे. जिन्याखाली दादा, आमचे वरिष्ठ, फोन कानाला लावून उभे होते.

"काय रे, दिसतंय का काही? की डोळे घरीच विसरलास?"

"टाकी दिसतेय, दादा. पुसट आहे, पण आहे."

"नीट बघ. सहाशेच्या खाली असेल तर विमान उतरू देणार नाहीत."

"अठरा वर्षं बघतोय तिला. बायकोचं तोंडही इतकं बघितलं नसेल."

दादा हसले आणि आकडा टॉवरला दिला.

सात चोवीस. आधी टेबलावरचा कप थरथरला. आवाज मागून आला.

विमान धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीवर आपटलं होतं. एकसष्ट माणसं. वाचली चार.

पुन्हा.

"नऊला धुकं विरलं."

दादा आणि मी गच्चीवर. दादा धुराकडे बघत होते. मी गोदामाकडे. छपरामागे नुसतं आकाश.

"दादा, टाकी कुठाय?"

ते वळले. बघत राहिले.

"दादा?"

"सोमवारी पाडली. तू रजेवर होतास."

"मला कोणी..."

"फळ्यावर सूचना आहे. मीच लावली." त्यांनी कठडा धरला. "मीच लावली रे. आणि तू टाकी म्हणालास, तेव्हा मी हसलो."

पुन्हा.

दादा समोर बसलेत. "नुसतं आठशे लिही," ते म्हणतात. "कुठली खूण, ते कोण विचारतंय? धुकं हलत असतं. सात दहाला आठशे असेलही."

"नव्हतं."

"सहा महिन्यांत माझी निवृत्ती आहे."

"माहितेय, दादा."

मी लिहितो. टाकी दिसल्याचं सांगितलं, हे लिहितो. ती सोमवारीच पाडली होती, हे लिहितो. फळा मी वाचला नव्हता. सूचना कोणी लावली, तेही लिहितो. दादा उलट्या बाजूने एकेक ओळ वाचत असतात. कागद ओढून घेत नाहीत.

सहीपाशी ते विचारतात, अगदी हळू, "मला तरी खरं सांग. अंदाजाने ठोकलंस ना?"

अंदाजाने ठोकलं असतं तर किती बरं झालं असतं.

"नाही हो. दिसली मला. डाव्या अंगाला गंजाचा ओघळ होता ना, तोसुद्धा."