बाबांचा हजारावा दिवस

बाबा मंगळवारी गेले, बाजारवार लेगी. जावा बेटावरच्या आमच्या खेड्यात सात वारांच्या जोडीला पाच बाजारवार चालतात. माणूस गेला की तिसरा, सातवा, चाळिसावा, शंभरावा असे दिवस पाळत हजाराव्यापर्यंत जायचं, मग मोठी प्रार्थना होते आणि कबरीवर दगड बसतो. हे दिवस काढून घ्यायला अख्खं गाव आमच्या आईकडे यायचं. कागद नाही, पेन्सिल नाही, नुसती बोटं चाळवून ती सांगून टाकायची.

आता तिच्या लेखी बाबांना जाऊन आठ दिवस झालेत. रोज आठच. डॉक्टर म्हणाले, तिच्या मेंदूत नवे दिवस साठतच नाहीत, म्हणून किती काळ गेला ते तिला जाणवत नाही. जुनं पाठ असलेलं तेवढं शाबूत राहील. शाबूत काय राहिलं, तर रडणं आणि मला कामाला जुंपणं. "वार्तिनी, सातव्याची माणसं उपाशी परत गेली ना गं?" म्हणत दर दोन दिवसांनी ती मला आपेमचं पीठ भिजवायला लावायची. नाही भिजवलं तर अंगणात बसून ऊर बडवायची. तांदळाच्या त्या घावनांचा आता मला वासही नको.

हे सगळं माझ्या गळ्यात दादाने मारलं. माझा नवरा पार्मिन समुद्रापलीकडे बालिकपापनला नोकरीला. आमची आठ वर्षांची लेक निंग्रुम त्याच्याजवळ ठेवून मी बाबांच्या मातीला आले, ती इथेच अडकले. "हजाराव्यापर्यंत तू बघ, मग आईला मी सुराबायाला नेतो," दादा सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाला होता. लेक फोनवर विचारायची, कधी येणार? मी म्हणायचे, थोडेच दिवस. पुढे पुढे ती फोनवर येईनाशी झाली. "खेळतेय," पार्मिन सांगायचा. भर उन्हात, भर पावसात, शाळेच्या वेळेतसुद्धा ती खेळतच असायची.

हजारावा दिवस रविवारी आला. दादा बायकोसह मोटारीतून उतरला आणि मला बघून म्हणाला, "तीन वर्षं कशी भुर्रकन गेली, कळलंच नाही!"

"तुला कशी कळणार?" मी म्हटलं. "माझी बॅग भरलेली आहे. दुपारची बस आहे."

तो हसला. त्याचं हसणं मला तेव्हाच आवडलं नाही.

प्रार्थना झाली, पानं उठली. कबरीचा दगड अंगणात आणून ठेवला होता. तो उचलायला चार पुरुष वाकले, तेवढ्यात आई तरातरा आली आणि सरळ त्या दगडावर बसली.

"उठणार नाही! माती अजून ओली आहे. आठ दिवसांत छातीवर दगड ठेवता? लाज नाही वाटत?"

पुरुष एकमेकांकडे बघत मागे सरले. दादाचा चेहरा मात्र खुलला.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" तो म्हणाला. "तिच्यासाठी बाबा आत्ताच गेलेत. अशा बाईला सुराबायात माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात नेऊन कोंडू? डॉक्टरही म्हणतात, जागा बदलू नका. वार्तिनी, अजून थोडे दिवस काढ."

"डॉक्टरकडे तिला मी नेते. तुला कधी भेटले?"

मी आईसमोर उकिडवी बसले. अजून एक वाट होती माझ्याकडे. "आई, माणूस मंगळवारी लेगीला गेला. हजारावा कधी?"

तिने अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. "रविवार, क्लिवॉन."

"आणि आज?"

"आज क्लिवॉनचाच बाजार नाही का? रविवार क्लिवॉन."

दादाने मान खाली घातली. मला इतका आनंद झाला की मी तिचे हात धरून म्हटलं, "मग आलाच ना दिवस! ऊठ, दादाबरोबर जायचंय तुला."

आई खुदकन हसली. "वेडी कुठली! हजारावा तो हा रविवार नव्हे, तो अजून खूप पुढे आहे." मग माझा गाल कुरवाळून म्हणाली, "तू कालच तर आलीस गं. आईजवळ एक दिवससुद्धा काढवत नाही का तुला?"

एक दिवस! मला तिचा राग आला. आजारी माणसावर चिडतो तसा नव्हे, अगदी खराखुरा, सख्ख्या वैऱ्याचा यावा तसा. तिला अंघोळ घातली, तिची लुगडी धुतली, तिच्याबरोबर हजार वेळा बाबांसाठी रडले, त्यातलं काही कुठे उमटलंच नव्हतं. मी तिथे नसते तरी चाललं असतं, असंच झालं ते.

"आता बोल," दादा हळूच म्हणाला.

मी आत जाऊन बॅग आणली. वहिनी दारात आडवी आली. "आईंना असं टाकून जाववेल तुम्हाला?"

"जाववेल," मी म्हटलं. "तुम्हाला जाववलंच की."

आई दगडावरच बसलेली होती. तिने मला बाजाराला निघालेली समजून मीठ आणायला सांगितलं.

बस, मग दीड दिवस बोट. बालिकपापनच्या घराचं दार एका उंच मुलीने उघडलं आणि क्षणभर मला वाटलं, घर चुकलं. मी तिला मिठीत घेतलं. ती हात सरळ सोडून उभी राहिली, माझं रडून होईपर्यंत. मग आत गेली आणि ट्रेमधून पाण्याचा ग्लास घेऊन आली.

"बाबा कामावर गेलेत," ती म्हणाली. माझ्या बॅगेकडे तिने नीट बघितलं. "किती दिवसांसाठी आली आहेस?"