बावीस पावलं

कुर्डुवाडीच्या लेकीचं बाळंतपन उरकून केराबाई म्हैन्यानं घरी आली. रिक्षातनं उतरली, तवा हातात लोनच्याची बरनी हुती. ती बरनी पोटाशी धरून तशीच उभी ऱ्हायली. रिक्षावाला म्हनला, "मावशी, पिशवी ऱ्हायली की." तरी हिचं ध्यान न्हाय.

समोरच्या मोकळ्या जागंत टाकी बसली हुती. काळी, गोल, खोलीएवढी. खाली इटांचा नवा चौथरा, वर झेंडूची माळ.

केराबाईनं दारातल्या निंबाकडं बघितलं. निंबाखाली सात आसरा, पान्याच्या देवींचं दगड, शेंदरानं लालभडक. तितनं टाकीपतुर तिनं नुसत्या नजरंनं पावलं टाकली. बावीस भरली. आनि पाय असं गार पडलं, की उन्हाळ्याचं दिस हायत हे पायाला कुनी सांगितलंच न्हाय.

आता सोनचाफा नगर म्हंजी सोलापुरातली हद्दवाढ. नाव सोनचाफा, पन तितं चाफ्याचं एक झाड दाखवा न् बक्षीस घेऊन जावा. नळाला पाचव्या दिवशी पानी, ते बी करंगळीएवढं. म्हनून केराबाईच्या ल्योकानं, भारतनं, आठ म्हैनं हापिसाच्या पायऱ्या झिजवल्या आनि गल्लीला ही टाकी मिळवली. आज बारा वाजता पहिला टँकर येऊन ती भरनार हुती. बायकांनी घागरींची रांग चौथऱ्याला भिडवली हुती.

"आये, येळंवर आलीस," भारत म्हनला. नवा शर्ट घालून फिरत हुता. "नारळ तुझ्याच हातनं फोडायचा."

"हितं बसवा म्हनून कुनी सांगितलं?"

"कोन सांगनार? सायेब इचारत हुतं, हितं जुनी हीर हुती म्हनत्यात, ती कुटं बुजवलीया? हापिसात कागद न्हाय. म्हनलं, हीर आसरांच्या बुडाखाली. मंग आसरांपासनं मोजून लांब आलो. सायेब म्हनलं वीस पावलं बास. म्या दोन जास्तीची टाकली. उगं धोका कशाला."

केराबाईला बरनी जड झाली. तिनं ती खाली ठिवली.

"भारत, हीर आसरांखाली न्हाय. हीर ह्या टाकीखाली हाय."

"मंग आसरा तितं कशा?"

"म्या आनून ठिवल्यात. डोक्यावरनं."

भारत खदाखदा हसला. "गेल्या साली आसरा मालगाडीत बसून आल्या म्हनत हुतीस. त्याच्या आदल्या साली तळ्यातनं चालत, वल्ल्या पावलांनी. आता तू आनलीस डोक्यावरनं. पुढच्या साली इमान आन."

तो हसत हसत गेला. केराबाई मातूर हसली न्हाय.

खरी गोष्ट अशी हुती. तीस वर्सांमागं हितं मळा हुता. केराबाईचा दादला ज्ञानबा सांगोल्याकडनं मेंढरं घेऊन आला आनि मळ्याचा राखनदार झाला. मंग मालकानं मळ्याचं प्लॉट पाडलं. मधी हीर, पाक आठ पुरुष खोल. ती भरायची तर गाड्यांवर गाड्या मुरूम पायजे. मालकानं काय केलं, हिरीच्या तोंडालाच बाभळीची खोडं आडवी टाकली, त्यावर पत्रं, त्यावर मुरूम. वरनं नांगर फिरवला न् म्हनला, झाली जिमीन. पत्रं टाकायच्या आदी हिरीच्या काठावरच्या सात आसरा बी आत ढकल म्हनला हुता ज्ञानबाला. ज्ञानबाचा हात उचलंना. तवा भर दुपारी, समदी जेवायला बसल्यावर, केराबाईनं पाटीत घालून आसरा निंबापाशी आनल्या. बावीस पावलं जायचं, बावीस यायचं. सहा खेपा झाल्या. सातवी आसरा हातातनं निसटली आनि खोडांच्या फटीतनं खाली गेली. डुबूक वाजायला लई येळ लागला. तो आवाज केराबाईच्या कानातनं अजून गेला नव्हता.

सहा आसरा तिनं पोत्याखाली झाकून ठिवल्या. वर्साभरानं घरं झाली, मानसं आली. अक्कलकोटाकडची मल्लव्वा आली, नागव्वा आली. पन मेंढराच्या वासाची बाई म्हनून केराबाईच्या दारात कुनी फिरकंना. दोन वर्सं तिनं निंबाशी गप्पा मारल्या. मंग एक दिस आसरा निंबाखाली मांडल्या, शेंदूर फासला, आनि गल्लीभर सांगत सुटली, की हीर बुजवली म्हनून आसरा रुसून तळ्यात गेल्या हुत्या, त्या रातोरात चालत माघारी आल्या आनि आपल्या हिरीच्या काठावर बसल्या. झालं. दुसऱ्या दिशी दारात हिरवं खन, दहीभात, बायकांची ही गर्दी. गोष्ट दरसाल थोडी थोडी वाढत गेली. ज्ञानबा मरताना एवढंच म्हनला, "त्या जागंवर कुनाला बसू देऊ नगंस." म्हनून तिनं तितं एक मुंजा बसवला, पोरांची कानं उपटनारा. तवापसनं तितं कुनी खेळलं न्हाय.

आता पान्यापायी मुंज्याला इसरून तितं चाळीस बायका उभ्या हुत्या. आनि रांगंत समद्यात पुढं, चौथऱ्याला पाठ टेकून, चिमुकली कळशी घेऊन श्रावणी. भारतची पोर, सहा वर्सांची.

केराबाई टाकीजवळ गेली. चौथऱ्यापासनं चार हातांवर मुरमाला चीर पडली हुती. बारीक, दोरा ठिवावा तशी. केराबाई त्या चिरीच्या मागं मागं चालत ऱ्हायली. टाकीला वळसा पडला, आनि निघाली हुती तितंच ती परत आली.

चीर गोल हुती.

तिनं श्रावणीचा हात धरला. "चल घरी. कुर्डुवाडीच्या आत्यानं लाडू धाडलाय."

"मी न्हाय. माझा पहिला नंबर हाय."

"चल म्हनते न्हवं."

"आत्या, ऱ्हाऊ द्या की तिला," सून पूनम मागनं म्हनली. "सकाळपसनं नटून बसलीया. पहिलं पानी तिच्या वंजळीत घ्यायचं ठरलंय."

केराबाईला वाटलं, पोरीला उचलावी आनि पळावं. पन पूनम तितंच ऱ्हानार. मल्लव्वा, नागव्वा तितंच ऱ्हानार. एकटीला काढून उरलेल्यांचं काय?

"बायांनो, जरा लांब व्हा," ती म्हनली. "खाली साप हाय."

"केवढा गं?" नागव्वानं इचारलं. "मागच्या खेपंचा रेल्वेच्या डब्याएवढा हुता."

बायका हसल्या.  आयुष्यभर केराबाईला थापा अशा आल्या की धरू का सोडू. आज एकदाच पायजे हुती, तर एक येईना. मंग तिनं केस सोडलं. अंगात आल्यागत घुमावं म्हनून मान हलवली. पन हुंकाराच्या जागी उचकीच आली. दोन येळा मान फिरली आनि ती मटकन् खालीच बसली. नागव्वानं पदरानं वारा घातला. "ऊन लागलं म्हातारीला. कुनी गूळ-पानी द्या."

बसल्या जागी केराबाईचा तळवा मुरमावर टेकला हुता. खालची जिमीन हलकी लागत हुती. रिकाम्या डेऱ्यावर हात ठिवल्यागत.

तेवढ्यात कोपऱ्यावर हॉर्न वाजला. पान्यानं भरलेला टँकर गल्लीत वळला. सोमलिंग ड्रायव्हर एक हात भाईर काढून हळूहळू येत हुता, आनि पुढं भारत, दोन्ही हातांनी, ये, ये, ये.

केराबाई उठली ती निंबाकडं गेली. दारातलं खुरपं उचललं आनि आसरांपुढं गुडघं टेकलं. सातवी आसरा शेवटाला, जरा लांबट.  सत्तावीस वर्सं त्या आसरेपुढं तिनं लोकांची डोकी टेकवली हुती. खरी आसरा तितं अंधारात, पान्यात. ती बघत असंल तर? ह्या हाताचं काय करंल? आनि ह्यातनं वाचलीच, तर उंद्यापसनं ह्या दारात कोन येनार?

मागं टँकरचं चाक खड्ड्यातनं गेलं. पायाखाली कायतरी थरारलं.

"आये, माफ कर," केराबाई पुटपुटली आनि खुरपं घातलं.

पहिला टवका उडाला तशी पूनम किंचाळली. "आत्या, काय करता हे?" बायका धावल्या. कुनी तोंडावर पदर घेतला, कुनी तिचा दंड धरायला बघितला. केराबाई थांबली न्हाय. बोटभर जाड शेंदूर, वर्सावर वर्साचा. टोकापाशी खुरपं अडकलं, तिनं मूठ पिळली, आनि शेंदराची अख्खी खोळ सुटून खाली पडली.

आत वरवंटा हुता. काळा, गुळगुळीत. टोकाला चांदनी कोरलेली.

धावलेल्या बायका जागीच थांबल्या. कारन मल्लव्वाच्या वरवंट्याची चांदनी सोनचाफा नगरात कुनाला म्हाईत नव्हती? लग्नात आईनं दिलेला वरवंटा. आवारभितीवर वाळत ठिवला आनि गेला. तो नागव्वानंच नेला असं धरून मल्लव्वा तिच्याशी सत्तावीस वर्सं बोलत नव्हती.

मल्लव्वा वाकली. वरवंटा हातात घेऊन दुसरं टोक बघितलं. तितं बी चांदनी.

"इदु नंदु," ती हळू म्हनली. "ह्यो माझा."

"तुझा," केराबाई म्हनली. "म्या उचलला. सातवी आसरा हिरीत पडली, मला सात पुरं करायचं हुतं. हीर हितं न्हाय मल्लव्वा. हीर तितं हाय, पोरगी उभी हाय तितं. आत पोकळ हाय. मी थापाडी हाय, पन वरवंटा तर खोटं बोलत न्हाय न्हवं?"

 मल्लव्वा सरळ चौथऱ्याकडं चालत गेली, श्रावणीला काखंत मारली आनि निंबाखाली आनून उभी केली. "मागं या समद्या," ती बायकांना म्हनली, आवाज न चढवता. पूनम आली. नागव्वा आली. घागरी तितंच ऱ्हायल्या.

भारत वरवंट्याकडं बघत हुता. "आये. ते खोडाचं, पत्र्याचं?"

"समदं खरं."

तो टँकरच्या आडवा पळाला. पुढचं चाक चिरीपासनं दोन हातांवर थांबलं. सोमलिंग कुरकुरला, "अजून दोन खेपा हायत मला, भाऊ." "मागं घे," भारत म्हनला. "कोपऱ्यापतुर मागं घे. हळू." टँकर गेल्यावर त्यानं इटांच्या ढिगाजवळची पहार आनली. कमरंला दोर बांधला, दुसरं टोक गल्लीतल्या दोघांनी निंबाला आवळून धरलं. तो चिरीच्या भाईरनंच वाकला आनि पहार चिरीत रेटली.

पहार वीतभर गेली. हातभर गेली. मंग पुढनं कुनी वढून घ्यावी तशी त्याच्या हातातनं सुटली. पत्र्यावर एकदा ठन् वाजलं. मंग कायच न्हाय.

समदी वाट बघत ऱ्हायली. केराबाईला म्हाईत हुतं किती येळ लागतो. तिनं डोळं मिटलं.

डुबूक.

भारत रांगत माघारी आला. नव्या शर्टाची छाती मुरमानं माखली हुती. आईजवळ बसला, पन तिच्याकडं बघितलं न्हाय. "म्या दोन पावलं जास्तीची घेतली हुती," एवढंच म्हनला.

त्या घागरी आठ दिस तितंच रांगंत उभ्या हुत्या. भर उन्हाळ्यात, पान्याची एवढी वढ असताना, एकीनं जाऊन आपली घागर आनली न्हाय.

मंग हापिसची मानसं आली. क्रेन लावून टाकी उचलली, मुरूम काढला. खोडं कुजून भुगा झाली हुती, पत्र्याची चाळन. टाकी शाळंच्या भितीकडं गेली. कागदावर हिरीची नोंद करायला एक पोरगेला सायेब केराबाईपुढं बसला. "आजी, खोली किती होती?" केराबाईच्या ओठावर आलं हुतं, पाताळापतुर. तिनं ते गिळलं. "आठ पुरुष," ती म्हनली, आनि एवढं खरं बोलून तिला घाम फुटला.

निंबाखाली सहाच आसरा ऱ्हायल्या. खनाची, दहीभाताची गर्दी कमी झाली. केराबाई दारात बसायची, हिरीभवतीच्या नव्या कठड्याकडं बघायची. बाराचं ऊन, आसरा फिरायची येळ झाली, की आत जाऊन दार लावायची. सातवी अजून खालीच हुती. तिची आठवन झाली की लोनच्याची फोड बी घशाखाली उतरत नव्हती.

एक दिस असंच दार लावलेलं, आनि भाईरनं कडी वाजली. केराबाई दारापासनं मागं सरकली. कडी परत वाजली.

"केरव्वा, उघड की. हात भरल्यात."

दारात मल्लव्वा. डोक्यावर पाटा, काखंत वरवंटा, आनि मागं शेंगदान्याची परात घेऊन नागव्वा, तोंड फुगवून.

"ह्या वरवंट्यानं सत्तावीस वर्सं निवद खाल्लाय," मल्लव्वा म्हनली. "माझ्या घरात ठिवायला भ्या वाटतं. तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. आमी दोघी चटनी वाटायला हितंच येनार. तू चोरलास, तू वाटायचं."

केराबाईनं पाटा उतरून घेतला. दार मातूर तिनं मागं ढकललं न्हाय. भाईर बाराचं ऊन हुतं, कठड्यावर एक कावळा बसला हुता. ती वाटायला बसली.

"बरं," नागव्वा म्हनली, "वाटता वाटता सांग. ती सातवी आता खाली काय करत असंल?"

केराबाईचा हात थांबला. तिनं उघड्या दारातनं कठड्याकडं बघितलं.

"म्हाईत न्हाय," ती म्हनली. "खरंच म्हाईत न्हाय."

आनि तिघी एकमेकींच्या जरा जवळ सरकल्या.