मुठीतला रंधा आणि अर्धी फळी

मी एक जुना रंधा आहे, मुठीत मावेल एवढा. मित्रांनो, रंधा म्हटला की तुम्हाला दारे-खिडक्या तासणारा दांडगा रंधा आठवेल. तो माझा थोरला भाऊ. माझा जन्म गिटारीच्या वरच्या पातळ फळीसाठी झाला.

माझे अंग मोडक्या खुर्चीच्या पायाचे आणि पाते जुन्या करवतीचे. गिटारी बनवणाऱ्या एका कारागिराने मला घडवले. घरामागची एक खोली हीच त्यांची कार्यशाळा. फळी तासताना ते माझे चार हात मारले की थांबत, दोन बोटांत तिचा कोपरा धरून टकटक वाजवत आणि कान देत. हवा तो आवाज आला की मला खाली ठेवत. त्यांची लेक विचारी, "बाबा, अजून एक हात?"

"तो शेवटचा हात राहू दे. वाजवणारा वाजवून वाजवून मारतो तो."

कौतुक गिटारीचे होई, माझे नाव कोणी काढत नसे. पण तीस वर्षांत आमची एकही फळी खचली नाही, हे मी छाती फुगवून सांगतो.

पुढे त्यांचे कान मंदावले. त्यांनी ते कोणालाच सांगितले नाही. मला कळले, कारण हवा तो आवाज येऊन गेला तरी ते थांबेनासे झाले. शेवटच्या गिटारीच्या फळीची डावी अर्धी बाजू त्यांनी तासली आणि त्याच आठवड्यात ते गेले. पाच महिने मी भुशाखाली पडून होतो. पात्यावर गंज चढला.

एका सकाळी लेकीने मला उचलले, दगडावर घासून धार लावली आणि उजवी बाजू तासायला घेतली. ही गिटार ज्यांची, ते बाबांचे मित्र, संगीताचे मास्तर, समोर स्टुलावर बसले होते.

"मला काही घाई नाही गं."

"म्हणून तिसऱ्यांदा आलात, मास्तरकाका."

तिने फळी वाजवून पाहिली. उजवीकडे भरीव आवाज, डावीकडे फडफड. दोन्ही बाजू जुळवायच्या तर उजवी अजून तासायला हवी होती. तिने मोकळ्या हाताच्या अंगठ्याने फळी दाबली. डावी बाजू पुठ्ठ्यासारखी लवली. तारांच्या ताणाने ती खचलीच असती.

"इथं बाबांचं चुकलंय," ती म्हणाली. आवाज सरळ होता, पण मी तिच्या मुठीत होतो. मूठ आवळली होती.

"मग नवी फळी घे. ही आठवण म्हणून ठेव."

"नको. हिलाच आतून आधाराची एक पट्टी जास्त लावते."

"त्याच्या कामावर?"

"त्यांनीही लावली असती. आधी लाकडाला शिव्या घातल्या असत्या, मग लावली असती."

मास्तर हसले.

उजवी बाजू तिने आणखी तासली नाही. पट्टी मात्र माझ्याकडूनच तासून घेतली. महिन्याभराने तारा चढल्या. फळी तसूभरही खचली नाही. मास्तर वाजवत होते.

"कशी वाटते?" तिने विचारले.

"बोलू नकोस. ऐकू दे."

मित्रांनो, आपल्या माणसाच्या कामात चूक दिसली तर डोळे झाकू नका आणि ते काम टाकूनही देऊ नका. हलक्या हाताने दुरुस्त करा. आमच्यासारख्या अवजारांना मात्र धार ठेवा. बोथट रंध्याने लाकूड नुसते फाटते.